आजोबांच्या पट्ट्याला तेल पाजायच्या आधी हे वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या साफसफाईवर जो लेख आला होता, जुन्या वस्तूंना पुन्हा झळाळी कशी आणायची वगैरे, त्याबद्दल लिहितोय. पत्र जरा लांबणार आहे, कात्री लावलीत तरी चालेल पण मधला भाग कापू नका एवढी विनंती. त्या लेखात लिहिलं होतं की घरातल्या जुन्या चामड्याच्या वस्तूंना, म्हणजे पट्टे, पाकिटं, जुन्या बांधणीची पुस्तकं, तलवारीची म्यानं, खोबरेल किंवा साजूक तूप चोळा, फारच कडक झालं असेल तर कॉडलिव्हरच्या, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या, गोळ्या फोडून ते तेल लावा, मग दोन दिवस उन्हात ठेवा म्हणजे आत मुरेल, आणि सगळं नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही. हे वाचलं तेव्हाच डोक्याला हात लावला होता, पण म्हटलं कोण करतंय एवढं. तर लोकांनी केलं. आणि आता ते सगळं माझ्या दुकानात येतंय.

माझा पुस्तकबांधणीचा धंदा आहे, सातारला, वडलांपासून चालत आलेला. वकिलांचे जुने लॉ रिपोर्ट, वाचनालयांचे ग्रंथ, घराघरांतल्या वंशावळीच्या वह्या हे मुख्य काम, आणि चामडं हाताळतो म्हणून लोक बाकीचंही घेऊन येतात. आमचा जिल्हा फौजेत जाणाऱ्यांचा, अपशिंगे मिलिटरी सारखी गावं इथलीच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यामुळे पणजोबांचा कमरपट्टा, काडतुसांचं पाकीट, पिस्तुलाची खोळ असं काही ना काही पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतंच. पट्टा बहुतेक वेळा तो खांद्यावरून तिरकी वादी घ्यायचा सॅम ब्राऊन पट्टा, ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या ब्राऊन साहेबाचा डावा हात १८५८ साली उत्तरेत पिलीभीतच्या बाजूला लढाईत गेला आणि त्यानंतर एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून ही तिरक्या वादीची युक्ती निघाली असं सांगतात. असो.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकतो, लेख लिहिणाऱ्यांचं सगळंच चुकलंय असं नाही. प्राण्यांच्या तेला-चरबीने चामडं टिकतं हे शंभर टक्के खरं आहे. किंबहुना त्याशिवाय चामडं चामडं होतच नाही. कच्चं कातडं नुसतं वाळवलं तर ते लाकडासारखं होतं, ढोलकीच्या पानावर टिचकी मारून बघा. बाभळीच्या सालीत, हिरड्यात घालून कमावलं की ते सडायचं थांबतं पण मऊ होत नाही, आतले धागे वाळताना एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून कमावणारे कारागीर पूर्वापार काय करायचे तर चामडं ओलं असतानाच त्याला चरबी आणि माशाचं तेल चोळायचे, पाणी उडून जायला लागलं की त्या जागी हळूहळू तेल आत शिरतं आणि प्रत्येक धाग्याला वेगळं ठेवतं, आपण वेणी घालायच्या आधी केसांना तेल लावतो तसंच. घोड्याच्या साजाच्या चामड्यात तर वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत तेल-चरबी असू शकते, पुस्तकाच्या बांधणीच्या चामड्यात त्याच्या मानाने फारच कमी. म्हणजे पणजोबांच्या पट्ट्यात जे काही तेल लागणार होतं ते पट्टा शिवायच्या आधीच आत गेलेलं आहे. शंभर वर्षं त्याने तो पट्टा सांभाळला. आता तुम्ही वरून जे लावता ते कोरड्या चामड्यावर लावता, ते कारागीर ओल्यावर लावायचे, आणि इथेच पहिली गडबड होते, ते एकसारखं शिरत नाही, जिथे चामडं खरवडलेलं आहे तिथे भसकन शिरतं आणि काळा डाग पडतो, जिथे पॉलिश शिल्लक आहे तिथे वरच चिकट बसून राहतं.

दुसरी गडबड ही की सगळी तेलं सारखी म्हातारी होत नाहीत. हे आपल्याला स्वयंपाकघरातून माहीत असतं, जवसाचं तेल भांड्याच्या काठावर सुकून चिकट पापुद्रा होतो, खोबरेलाचा होत नाही, पण तेच ज्ञान कपाटाशी गेलं की विसरतो. कारण असं की तेलाच्या रेणूत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात, हवेतला ऑक्सिजन तिथे जाऊन पकडतो. जितके हे बंध जास्त तितकं तेल लवकर हवा खाणार, आधी खवट होणार, मग घट्ट होणार, मग चिकट, आणि शेवटी कडक पिवळा-तपकिरी थर. हे मोजायचं एक माप आहे, आयोडीन व्हॅल्यू म्हणतात. खोबरेलाची दहाच्या आत, तुपाची तिशीच्या आसपास, नीट्सफूट नावाचं जे तेल जगभर घोड्यांच्या साजाला लावतात त्याची सत्तरच्या आसपास, आणि कॉडलिव्हरची दीडशेच्या पुढे, म्हणजे जवळजवळ जवसाच्या रांगेत. ज्या जवसाच्या तेलात रंग कालवून लोक तैलचित्रं काढतात कारण ते सुकून घट्ट पापुद्रा होतं, त्याच जातीचं तेल तुम्ही आजोबांचं पाकीट मऊ व्हावं म्हणून चोळताय. पहिले पंधरा दिवस मऊ वाटेलही. दोन-तीन वर्षांनी बघा.

हे नीट्सफूट तेल गाई-बैलांच्या नळीच्या आणि पायाच्या हाडांतून काढतात. गंमत अशी की जनावराच्या धडाची चरबी गोठते पण पायाची तेवढ्याच थंडीत पातळ राहते, कारण पाय शरीराच्या टोकाला, तिथे गारठा जास्त, तिथली चरबी गोठली तर जनावराचंच अवघड होईल, म्हणून निसर्गानेच तिथे पातळ चरबी ठेवलेली. ऑनलाइन सर्रास मिळतं. कशापासून बनतं हे सांगितलं की आमच्याकडची काही गिऱ्हाइकं बाटलीला हात लावत नाहीत, आणि या निमित्ताने का होईना त्यांच्या वस्तू वाचतात. (काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय झालं ते शाळेत सगळेच शिकलोय, त्यामुळे मी या विषयावर दुकानात फार बोलत नाही.)

आता कोणी म्हणेल तेलाचं असं घट्ट होणं वाईटच असतं का, तर नाही, त्याचा फायदा करून घेणारी एक पद्धतच आहे. गाड्या पुसायला पिवळं मऊ शॅमॉय मिळतं ना, ते झाडाच्या सालीने कमावलेलं नसतंच, ते मुळी माशाच्या तेलाने कमावलेलं असतं. कातड्यात कॉडचं तेल कुटून कुटून भरायचं आणि गरम हवेत टांगायचं, तेल हवा खाऊन फुटतं, त्यातून जे पदार्थ निघतात ते कातड्याच्या धाग्यांना कायमचे जोडले जातात, आणि मग ते कापड साबणाने धुतलं तरी कडक होत नाही. हे होताना उष्णता एवढी निघते की कारागिरांना गठ्ठे सारखे उलटेपालटे करावे लागतात. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी, त्याच्या अंगावरची कातडी सुद्धा चरबी आणि धूर लावूनच तयार केलेली. म्हणजे विद्या फार जुनी आहे. पण ती कच्च्या कातड्याची विद्या, तयार वस्तूची नव्हे. तयार पट्ट्यात कॉडलिव्हर ओतून उन्हात ठेवणं म्हणजे तो कारखाना पट्ट्याच्या आत नव्याने सुरू करणं, आणि यावेळी त्याला उलटंपालटं करायला कोणी नाही.

तेल-चरबीने काय टिकतं याचं सगळ्यात भारी उदाहरण द्यायचं तर इंग्लंडमधलं आहे. १७८६ च्या डिसेंबरमध्ये मेट्टा कॅथरिना नावाचं एक छोटं जहाज सेंट पीटर्सबर्गहून जिनोव्हाला रशियन चामडं घेऊन निघालं होतं ते प्लिमथच्या खाडीत वादळात बुडालं. १९७३ साली पाणबुड्यांना सापडलं. चामड्याच्या गुंडाळ्या काळ्या चिखलात तशाच, आणि त्यातलं बरंचसं चामडं स्वच्छ धुऊन वाळवून चक्क वापरता आलं, त्याचे बूट आणि बॅगा शिवल्या लोकांनी. जवळजवळ दोनशे वर्षं पाण्याखाली! ते रेनडिअरचं चामडं, सालीत कमावून त्यावर बर्चच्या सालीचं तेल आणि सीलची चरबी चोळलेलं. पण त्याचं श्रेय एकट्या तेलाला देऊ नका, चिखलात हवा नव्हती, ऊन नव्हतं, आणि मुख्य म्हणजे दोनशे वर्षांत दर दिवाळीला त्याला कोणी नवीन तेल चोळायला गेलं नाही.

माझं सगळं म्हणणं या एकाच जागी आहे. वापरातली वस्तू आणि जपून ठेवलेली वस्तू यांचे नियम वेगळे. आमच्याकडे नवी वहाण आणली की तिला तेल पाजायची पद्धत होतीच, अजूनही खेड्यात आहे, आणि ती अगदी बरोबर होती, कारण वहाण रोज चिखलातून, उन्हातून, पाण्यातून जायची, आतलं तेल धुऊन जायचं म्हणून पुन्हा पाजायचं, आणि दोन-चार वर्षांत तळ झिजून वहाण फेकून द्यायची. तेलाला म्हातारं व्हायला वेळच मिळायचा नाही. विहिरीवरची मोट तशीच. दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या बुटांना चरबी-मेण-माशाच्या तेलाचं डबिन फासायचे तेही तसंच, बूट वर्षभर टिकला तरी पुष्कळ झालं. पण तोच बूट आता काचेच्या कपाटात आहे, त्याला कुठे चिखलात जायचंय? त्याला पुढची पन्नास वर्षं नुसतं बसायचंय. तुम्ही लावलेलं तेलही त्याच्याबरोबर पन्नास वर्षं तिथेच बसणार आहे आणि रोज थोडी थोडी हवा खाणार आहे.

त्याचे परिणाम काय दिसतात ते सांगतो, कारण लोक चुकीचं निदान करून आणखी वाट लावतात. पावसाळ्यात पट्ट्यावर पांढुरकी भुकटी येते. सगळे म्हणतात बुरशी. काही वेळा असते. पण पुष्कळदा ती चरबीच असते, तेलातली स्टिअरिक पामिटिक जातीची जड आम्लं सुटी होऊन वर येऊन गोठतात. ओळखायचं कसं, तर केस वाळवायचा ड्रायर कमीवर ठेवून लांबून दोन सेकंद गरम हवा सोडा, चरबी असेल तर डोळ्यांदेखत वितळून गायब होते, बुरशी तशीच राहते. (लांबून म्हणतोय, चामडं भाजू नका.) लोक काय करतात, बुरशी समजून पुसतात आणि 'कोरडं पडलंय बिचारं' म्हणून अजून तेल लावतात, म्हणजे ज्याला अपचन झालंय त्यालाच पुन्हा जेवायला वाढतात.

दुसरं म्हणजे हिरवं मेण. पट्ट्याच्या पितळी बकलाखाली, रिबिटांच्या भोवती बघा, हिरवट-निळसर मेणासारखं काहीतरी साठलेलं असतं. तेलातली आम्लं आणि पितळेतलं तांबं मिळून हा एक प्रकारचा साबण तयार होतो. परवा एकाने आणलेल्या पट्ट्यात तर बकलाच्या जिभेखालची चामड्याची भोकं त्या हिरव्याने पूर्ण बुजली होती, बांबूची काडी चपटी करून मऊ हाताने खरवडत बसलो तेव्हा कुठे भोक दिसलं, आणि भोकाच्या कडा आतून कुरतडल्यासारख्या झालेल्या. त्या माणसाने दसरा-दिवाळीला न चुकता तेल लावलं होतं, मनापासून. पट्टा मधोमध ठणठणीत, जिथे जिथे पितळ तिथे तिथे खाल्लेला. त्याला काय सांगणार, मी नुसतं काम करून दिलं.

आता पुस्तकांकडे येतो कारण तो माझा खरा विषय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चामड्याच्या बांधणीचं पुस्तक कपाटातून काढलं की हाताला, शर्टाला विटकरी-लाल पूड लागते, सगळ्या जुन्या वकिलांच्या पांढऱ्या शर्टांना हा अनुभव असेल. याला इंग्रजीत रेड रॉट म्हणतात, आपण लाल कुज म्हणू. लोकांना वाटतं कोरडेपणामुळे होतं म्हणून तेल. तर हे कोरडं पडणं नाही, हे आम्लाने जळणं आहे. लंडनच्या अथेनियम क्लबात गॅसचे दिवे लावले आणि तिथल्या खुर्च्यांचं, पुस्तकांचं चामडं झडायला लागलं तेव्हा मायकेल फॅरेडेने, तोच विजेवाला फॅरेडे, त्यात लक्ष घातलं, १८४३ ची गोष्ट, आणि गॅस जळून निघणाऱ्या गंधकाच्या धुराकडे बोट दाखवलं. तो धूर चामड्यात शिरून आतल्या ओलाव्याबरोबर गंधकाचं तेजाब तयार होतं. पुढे १९०१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बांधणीच्या चामड्यावर एक समिती बसवून अहवाल काढला, त्यात आपल्याकडचा पण उल्लेख आहे आणि तो काही कौतुकाचा नाही. हिंदुस्थानातून, मद्रासकडून मुख्यतः, शेळ्या-मेंढ्यांची कमावलेली कातडी बोटी भरभरून विलायतेला जायची, स्वस्त बांधणीला तीच वापरायचे, आणि समितीने म्हटलं की हा माल बांधणीला अत्यंत वाईट, काही पुस्तकं वर्षाच्या आत झडायला लागलेली दिसली. त्याचं कारण सालीत. ती कातडी कमावली जायची तरवडाच्या सालीत, हो तोच आपल्या माळरानावरचा पिवळ्या फुलांचा तरवड. त्या जातीचं टॅनिन, म्हणजे सालीतला कातडं कमावणारा तुरट पदार्थ, कातड्याला लवकर रंग देतं पण गंधकाच्या धुरापुढे टिकत नाही, हिरड्याच्या किंवा सुमाक नावाच्या झुडपाच्या जातीचं त्या मानाने बरंच टिकतं. म्हणजे बघा, पुस्तक झडणार की नाही हे कातडं कोणत्या सालीत बुडवलं तिथेच निम्मं ठरलेलं. त्यावर आज तुपाचा हात फिरवून काय होणार? आम्ल तसंच राहतं, पूड तुपात कालवली जाते आणि काळाकुट्ट कडक लगदा होतो जो मला नंतर चाकूनेही निघत नाही. वर ते तूप चामड्यातून पुठ्ठ्यात, पुठ्ठ्यातून पानात उतरतं, पहिली दहा पानं अर्धपारदर्शक.

आणि असं समजू नका की मोठमोठ्या ग्रंथालयांना हे पहिल्यापासून कळलेलं होतं. ब्रिटिश म्युझियमचा स्वतःचा एक लेप होता, लोकरीचं मेण म्हणजे लॅनोलिन, देवदाराच्या जातीचं तेल, थोडं मधमाशीचं मेण, हे सगळं हेक्झेन नावाच्या उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवून, दशकानुदशकं जगभर वापरला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा दुसरा, साठ भाग नीट्सफूट आणि चाळीस भाग लॅनोलिन. आमच्या वडलांनी सुद्धा अशाच कुठल्याशा नुसख्याची डबी ठेवलेली होती. मग काही दशकांनी मागे वळून बघितलं तेव्हा दिसलं की लेप लावलेली पुस्तकं न लावलेल्यांपेक्षा काही जास्त जगलेली नाहीत, उलट काही चिकट झालीत, काही काळी पडलीत, काहींवर तीच पांढरी भुकटी, धूळ तर सगळ्यांवर. आज अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस स्पष्ट सांगते की या लेपांचा फायदा मुख्यतः दिसण्यापुरता आणि बेताने न वापरल्यास नुकसान जास्त. ज्यांनी डबे भरभरून वापरलं त्यांनीच हात आखडता घेतलाय, आणि आपण पुरवणीत कॉडलिव्हर छापतोय.

लॅनोलिनबद्दल मात्र दोन चांगले शब्द, कारण या सगळ्या कुटुंबात तेच जरा शहाणं. ते मेंढीच्या लोकरीला चिकटलेलं असतं, मेंढीला पावसात भिजू देत नाही. नाव तेलासारखं घेतात पण रचनेने मेण, त्यामुळे हवा फार सावकाश खातं. लोखंडी वस्तूंवर अगदी पातळ हात फिरवला तर गंज धरत नाही. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत ते कमीच, म्हणून घोंगडं एवढं खरबरीत, त्याला चिंचोक्याची खळ देऊन घट्ट करायचे. घरात जुनं घोंगडं असेल तर त्यालाही तेलबिल काही लावू नका, कसर लागणार नाही एवढं बघा, बास.

घड्याळाचं थोडक्यात. लेखात ठोक्याच्या घड्याळात खोबरेलाचा थेंब सोडायला सांगितलाय. खोबरेल चोवीस अंशाच्या खाली गोठतं, आमच्याकडे डिसेंबरात पहाटे बाटली उलटी केली तरी पडत नाही, घड्याळ काय चालणार. पूर्वी घड्याळांना तेल कुठलं वापरायचे ऐकाल तर नवल वाटेल, पॉरपॉइज नावाचा डॉल्फिनसारखा प्राणी असतो त्याच्या जबड्यातलं तेल. अमेरिकेत न्यू बेडफर्ड गावच्या विल्यम नायचं तेल त्यासाठी जगभर नावाजलेलं. ते थंडीत गोठायचं नाही आणि वर्षानुवर्षं चिकट व्हायचं नाही, प्राण्याच्या तेलात असा गुण फार दुर्मिळ. स्पर्म व्हेलचं तेलही असंच यंत्रांना वापरायचे, १९७० नंतर अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि मग होहोबाच्या बियांचं तेल आणि कारखान्यात बनवलेली तेलं आली. आज घड्याळाचं तेल म्हणून घड्याळजीकडे जे मिळतं ते या कारखान्यातलंच, छोटीशी कुपी, आणि पुरतं कितीतरी वर्षं. तेच वापरा. आणि जुनं वाळलेलं तेल साफ केल्याशिवाय नवं घालू नका, नाहीतर दोन्ही मिळून खळ होते.

तलवारीबद्दल जे लिहिलं होतं ते तर वाचवेना. पात्याला तूप लावून म्यानात घालून ठेवा! खंडेनवमीला पूजेपुरतं काय ते लावा, हळदकुंकू वाहा, पण नंतर पुसून कोरडं करा आणि पातं आणि म्यान वेगवेगळं ठेवा. चामड्याच्या म्यानात टॅनिन असतं, पावसाळ्यात ते ओलावा धरतं, त्यात तुपातली आम्लं सुटलेली, पात्यावर म्यानाच्या शिवणीच्या आकाराचा काळा गंज उठतो. मी पाहिलेली बहुतेक खाल्लेली पाती टोकाकडे खाल्लेली आहेत, जिथे ओल साठून राहते तिथे.

मग करायचं काय, हे विचारणारच तुम्ही. खरं सांगू का, फार काही नाही, म्हणूनच लोकांना पटत नाही. मऊ ब्रशने धूळ झटकायची. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, आत घाम येतो. भिंतीला लागून असलेल्या कपाटात मागच्या बाजूला ठेवू नका, बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल देते. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम, आपल्याकडे जुलैत ते होत नाही, निदान महिन्यातून एकदा कपाट उघडून पंख्याखाली हवा द्या, उन्हात नाही. पट्टा घडी घालून नाही तर सैल गुंडाळून, आत कोऱ्या कागदाची गुंडाळी घालून. बकलाखाली कागदाचा तुकडा. झालं. चामडं कडक झालंय म्हणता, तर त्याला वाकवायचंच कशाला? तुम्ही काय घालून परेडला जाणार आहात का?

लाल कुज लागलेल्या पुस्तकाला मात्र उपचार आहे, पण तो तेलाचा नाही. क्लुसेल-जी नावाचा सेल्युलोजचा एक पदार्थ स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशने लावतात, पूड जागच्या जागी धरून ठेवतो आणि चिकट होत नाही. गेलेली ताकद परत येत नाही हेही सांगतो, फक्त झडणं थांबतं. घरी प्रयोग करण्यापेक्षा जाणकाराकडून करून घ्या. वस्तू खरोखर मोलाची असेल, सनद, पोथी, शस्त्र, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची जतन प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इनटॅक संस्थेच्या प्रयोगशाळा आहेत. एक पत्र किंवा ईमेल टाकून विचारायला काय जातंय. आणि कोकणातल्या मंडळींनी, घरात पिंगुळीच्या जुन्या चामड्याच्या बाहुल्या असतील तर त्यांना तेलाचा वासही लागू देऊ नका, ते कातडं वेगळं, प्रकाश आरपार जावा म्हणून पातळ केलेलं, तेलाचा थेंब पडला की बाहुलीच्या अंगावर कायमचा डाग आणि रंग फुटतात.

ज्यांनी लेख वाचून तेल लावून टाकलंय त्यांच्यासाठी. घाबरू नका, आणि काढायला म्हणून साबण, पेट्रोल, थिनर काही लावू नका. कोऱ्या टिपकागदाने दाबून दाबून वरचं तेवढं टिपून घ्या, घासू नका. वर्तमानपत्राने टिपू नका, शाई उमटते, हे आपल्याच पेपरबद्दल बोलतोय. कॉडलिव्हर लावलं असेल तर पहिले काही महिने ती वस्तू इतर वस्तूंपासून लांब आणि मोकळी ठेवा, वास येत राहील. आणि एक फार महत्त्वाचं, ज्या चिंध्यांनी माशाचं किंवा जवसाचं तेल पुसलं त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अशा चिंध्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाका. हे त्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या पुरवणीत चार ओळींची चौकट छापा, जिथे लेख छापला होता त्याच पानावर, आतल्या पानात कोपऱ्यात नको. निदान कॉडलिव्हरचा, उन्हात ठेवायचा आणि तुपाच्या म्यानाचा असे तीन सल्ले तरी मागे घ्या. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे लग्नसराईच्या निमित्ताने जुन्या पेट्या उघडतात, त्याच्या आत चौकट आली तर बरं.

आपला,
एक पुस्तकबांधणीवाला, सातारा